किती वर्षं झाकायचं

आमच्या पतसंस्थेत पगाराने माझ्या निम्मा आणि मानाने माझ्या दुप्पट असा एक माणूस होता. मी संगणक विभागाचा प्रमुख, तो माझ्या हाताखालचा. माझ्या टेबलावर काच, पाठीमागे भिंतीवर कलबुर्गीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची चौकटीतली पदवी. त्याच्या टेबलावर लहान मुलांची दगडी पाटी, पेन्सिलीचा तुकडा आणि ओलं फडकं. गावाकडून आलेली माणसं माझ्या दारात थांबायची आणि विचारायची, "साहेब, मास्तर हायत का?" मी नाहीत म्हटलं की ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसायची, दोन-दोन तास. आपलं काम मला सांगावं असं त्यांच्या मनातसुद्धा येत नसे.

आणि तो काही मास्तर नव्हता. संतपूरच्या बाजूचा, घरची थोडी तुरी-सोयाबीनची जमीन, उदगीरला जाऊन गणितात बी.एस्सी. केलेला. शाळेत नोकरी लागायची ती लागली नाही, म्हणून आमच्याकडे कारकून झाला. पण पाटीवर लिहून समजावायची खोड होती, त्यामुळे बिदरच्या मुख्य कचेरीपासून खालच्या शाखांपर्यंत सगळे त्याला मास्तरच म्हणत. मीही म्हणत असे. दुसरं काही म्हणून पाहिलं होतं, ते टिकलं नाही.

तो कागदावर काही लिहीत नसे. "कागद राहतो साहेब," असं त्याचं म्हणणं. पासवर्ड, हिशेब, निरोप, सगळं पाटीवर, आणि काम झालं की ओल्या फडक्याने साफ. एकदा मी जेवून आलो तर तो पाटी पुसत होता. काय लिहिलं होतं म्हणून विचारलं, तर म्हणाला, "सर्वरचा पंखा बंद पडायलाय असं तुमच्यासाठी लिवलतो. तुमी आला न्हाईत, मग पुसलो." पंखा दुसऱ्या दिवशी बंद पडला आणि अध्यक्षांनी मला बोलावून विचारलं की मास्तरांनी सांगितलं असूनही मी काही कसं केलं नाही.

जेवणाच्या डब्याला त्याचं पितळी कुलूप असे. सगळी कचेरी हसायची. ज्वारीची भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी, त्यात कुणाला काय चोरायचं होतं? मी एकदा सगळ्यांसमोर त्याची टर उडवली. तो रागावला नाही. म्हणाला, "आज डब्यात भाकरी हाय साहेब. उद्या नसली तर ते कुनाला दिसू नये. त्याच दिवशी कुलूप लावलं तर समद्यांना कळंल की. म्हनून आजपासनं लावायलोय." त्या दिवशी दोन पोरींनी घरून आणलेली धपाटी त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. माझ्या टेबलावर कुणी कधी धपाटं ठेवलं नाही.

पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, असं परिपत्रक मी तीनदा काढलं, इंग्रजीत, कन्नडमध्ये आणि मराठीत. कुणी बदलला नाही. मग त्याने सगळ्या शाखांना फोनवर सांगितलं, "दर आमावस्येला बदला." झालं. अमावास्या कुणी विसरत नाही. शेवटी शेवटी तर शाखांमधले लोक संगणकाला हळदीकुंकू वाहून पासवर्ड बदलायला लागले. तपासणीसाठी बाहेरून आलेल्या माणसाने या पद्धतीची तारीफ लिहिली आणि खाली माझं नाव घातलं, कारण विभागप्रमुख मी होतो. मी ते दुरुस्त केलं नाही. पण आनंदही झाला नाही, हे खरं.

आता त्याचा तो नेहमीचा प्रश्न. मुदत ठेवीच्या अर्जात वारसाचं नाव असतं, आणि ते पासबुकावर छापायचं की नाही हे ठेवीदाराने ठरवायचं असतं. इतर कारकून विचारल्यासारखं करून खूण करून टाकत. हा मात्र प्रत्येक म्हातारीला समोर बसवायचा आणि हळू आवाजात विचारायचा, "अक्का, हे नाव कुनापासनं झाकायचं? आन् किती वर्षं झाकायचं?"

बायकाही उत्तरं द्यायच्या. पोरीचं लगीन होईस्तोवर. सासू हाय तोवर. जावई दारू सोडंस्तोवर. दुबळगुंडीच्या एका बाईने सांगितलं की मोठ्या दिराला दिसायचं बंद होईल तोवर, आणि त्याला मोतीबिंदू आहे. हे सगळं तो आमच्या संगणकात घालायचा. त्यासाठी त्याने मला न विचारता एक वेगळा रकाना तयार केला होता. मला कळलं तेव्हा मी चिडून त्याला नोटीस द्यायला निघालो. अध्यक्षांनी नोटीस फाडली.

अध्यक्षांना आम्ही अप्पा म्हणत असू. पुढे मी बंगळुरूला एका शिबिराला गेलो, तेव्हा व्यासपीठावरचा सुटाबुटातला माणूस सांगत होता की, सुरक्षेची पहिली पायरी म्हणजे कुठली माहिती किती वर्षं गुपित राहायला हवी याची यादी करणं. माझ्या शेजारचे वहीत उतरवून घेत होते. मी पेन खाली ठेवलं.

त्याच शिबिरात क्वांटम संगणकाबद्दल पहिल्यांदा नीट ऐकलं. परत येऊन मी चाळीस स्लाइड्स बनवल्या आणि संचालक मंडळासमोर उभा राहिलो. डाळ मिलवाले होते, कापडवाले होते, निवृत्त हेडमास्तर होते, चार-पाच शेतकरी होते. मी सांगत होतो की आपली माहिती ज्या कुलपात आहे ते मोठ्या आकड्यांच्या गुणाकारावर उभं आहे, आणि हे नवं मशीन ते कुलूप सहज उघडू शकेल. कापडवाले झोपले. अप्पांनी विचारलं, "साहेब, हे मशीन हाय कुटं?"

"अजून पूर्ण तयार नाही, अप्पा."

"मग घाई कामून?"

याचं उत्तर माझ्या एकतिसाव्या स्लाइडमध्ये होतं, पण ते इंग्रजीत होतं आणि मला तिथपर्यंत पोचायला वेळ लागत होता. प्रोजेक्टरची वायर ढिली होती म्हणून ती धरून बसायला मास्तरला आत बोलावलं होतं. तो वायर धरूनच म्हणाला, "अप्पा, दोन मिंटं बोलू?"

त्याने पाटीवर दोन आकडे लिहिले, त्यांचा गुणाकार केला, आणि वरचे आकडे पुसून टाकले. "आता हे खालचं बगून वरचं सांगा. तुमाला न्हाई जमायचं, आपल्या संगनकाला न्हाई जमायचं. त्या मशीनला जमंल." मग म्हणाला, "चोर आज आला. तिजोरी फुटंना. तर तो तिजोरीच उचलून घरी नेला, आन् लोहार जल्माला यायची वाट बगत बसला. लोहार धा वर्षानं येवो न्हाईतर वीस वर्षानं, तिजोरी त्याच्या घरात हाय का न्हाई? ठेवीची रक्कम तवर बदलंल. पन वारसाचं नाव? ते तर बदलत न्हाई." त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "मी कुनाला विचारत न्हाई. आपापल्या मनालाच विचारा. तुमच्या खात्यात असं काय हाय, जे तुमी गेल्यावर बी उघडं पडू नये?"

डाळ मिलवाल्यांनी कप खाली ठेवला. आणि झोपलेले कापडवाले डोळे उघडून म्हणाले, "अप्पा, ठराव लिवा."

ठराव झाला. नव्या पद्धतीची कुलपं बसवायची, त्यांच्या दोन किल्ल्या करायच्या, एक अप्पांकडे आणि एक मास्तरकडे. दोन्ही लागल्याशिवाय वारसाचं नाव उघडणार नाही. मी विचारलं, "आणि माझ्याकडे?" अप्पा म्हणाले, "साहेब, तुमाला उद्या मोठ्या बँकेत नोकरी लागंल, तुमी जाल. मास्तर कुटं जायलाय?" जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी पन छान बोललाव." त्यांच्या त्या 'पन'ने मी आठवडाभर आजारी होतो.

इथवरचा हेवा कचेरीतला होता. असा हेवा पुष्कळांना असतो, तो घरी जाताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवता येतो. माझा घरात शिरला, तो आईमुळे.

वडील गेल्यावर आई गावी, ठाणाकुशनूरलाच राहिली. बिदरला माझ्याकडे यायची ती चार दिवसांसाठी. एकदा मला आंबील द्यायला म्हणून ती कचेरीत आली, आणि मी मीटिंगमध्ये होतो म्हणून मास्तरसमोर बसली. मी बाहेर आलो तर दोघं हसत होती. मला पाहून आईने पदर तोंडाला लावला. काय चाललंय म्हटलं तर म्हणाली, "काई न्हाई, आमचं आपलं चालू हाय." त्यानंतर येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, आली की तिचा मला फोन. येळवशीला शेतात कडब्याची खोप करून आम्ही भज्जी, म्हणजे मिसळीची भाजी, आणि आंबील खातो, ओळखीपाळखीच्यांना बोलावतो. आई विचारायची, "मास्तरला बोलवलास का? कामून न्हाई बोलवलास?" तो यायचा. आई त्याला आधी वाढायची. मी तिचा एकुलता एक मुलगा, चारचाकीतून बायकोमुलांना घेऊन आलेला, आणि आई कुणा बी.एस्सी. कारकुनाच्या पानात तिसऱ्यांदा भज्जी वाढतेय.

मी बायकोला म्हटलं, "आईला तो मुलगा वाटायला लागलाय." बायको म्हणाली, "तो ऐकून घेतो त्यांचं." मग मी बायकोशीही दोन दिवस बोललो नाही.

नवी कुलपं बसवायचं काम चालू असतानाच आई गेली. तिचे दिवस झाल्यावर मी कामावर आलो. त्या सकाळी मास्तर माझ्या केबिनमध्ये आला आणि दार लावून घेतलं. तो दार कधी लावत नसे.

"साहेब, एक सांगायचं हाय. दुसऱ्या कुनाकडनं तुमच्या कानावर जाऊ नये म्हनून मीच सांगायलोय. तुमच्या आईची आपल्याकडं एक ठेव होती. काल वारसाला दिलाव."

"वारस मी," मी म्हणालो. "मी कुठे सही केली?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग कोण वारस?"

"ते सांगता यायचं न्हाई."

मी हसलो. आतून जीव जळत होता तरी हसलो. "बरं, किती वर्षं झाकायचं म्हणाली?"

"तुमी हाव तोवर," तो म्हणाला. "असंच लिवलंय."

रक्कम किती होती हे मी विचारलं नाही. नंतर वाटलं, विचारायला हवी होती. पण त्या वेळी रकमेचं सुचलंच नाही. सुचलं ते एवढंच की माझ्या आईने माझ्या अख्ख्या आयुष्यापुरती एक गोष्ट माझ्यापासून लपवली, आणि ती या माणसाला बसल्या बैठकीत सांगितली. म्हशीचं दूध विकून तिने ते पैसे साठवले असणार, हे मी ओळखलं. पण ते कुणासाठी? मावशीवर संशय घेतला. मग मामेबहिणीवर. शेजारच्या विधवेवर. आईच्या मयतीला कोण जास्त रडलं ते आठवत बसलो. बायकोवरही घेतला, आणि तो तिला कळला.

अप्पांकडे गेलो. कागद त्यांच्या तिजोरीत सीलबंद पाकिटात होते. ते म्हणाले, "साहेब, माझ्या बायकोचं बी पाकीट हाय तितं. मी फोडलो का?"

राहिल्या जुन्या डिस्का. दर आठवड्याला सगळ्या माहितीची प्रत आम्ही डिस्कवर काढून ठेवत असू, जुन्या कुलपात. त्यांतल्या पुष्कळशांत आईची ठेव होती. नवी कुलपं बसल्यावर मास्तरने त्याच्याकडेच असलेली जुन्या कुलपाची किल्ली सगळ्यांसमोर मोडून टाकली, आणि जुन्या डिस्काही नष्ट करायच्या असं ठरलं, कारण जुन्या कुलपातली प्रत बाहेर राहिली तर नव्या कुलपाला काही अर्थ नाही. कपाट माझ्या ताब्यात होतं. नाक्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. मी एकेक डिस्क देत होतो, तो यंत्राने तिला भोकं पाडून घेत होता आणि पाटीवर एकेक रेघ ओढत होता. सगळं झाल्यावर त्याने रेघांकडे बराच वेळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पाटी पुसली. मी प्रमाणपत्रावर सही केली की एकही प्रत शिल्लक नाही.

एक प्रत माझ्या घरी होती. आईच्या ठेवीची.

ती मला उघडता येत नव्हती. जगात कुणालाच येत नव्हती. ती उघडेल फक्त ते मशीन, कधीतरी तयार झालं तर. मास्तरने संचालकांना ज्या चोराची गोष्ट सांगितली होती तो चोर मी होतो. तिजोरी माझ्या घरात आणि लोहाराची वाट बघत मी बसलेलो. आणि पुढे सुरक्षेचा जाणकार म्हणून मलाच सगळीकडे बोलावणी येऊ लागली. कलबुर्गीला सहकारी संस्थांच्या मेळाव्यात एका तज्ज्ञाने सांगितलं की हे मशीन कामाचं व्हायला अजून बरीच वर्षं आहेत. सगळ्या सभागृहाने सुटकेचा श्वास टाकला, माझा मात्र चेहरा पडला. मी हात वर करून विचारलं, "साधारण किती वर्षं?" शेजारचे म्हणाले, साहेबांना संस्थेची किती काळजी! मला शाल आणि नारळ मिळाला. रोज सकाळी मी मोबाइलवर पहिली बातमी शोधायचो ती त्या मशीनची. कुठे त्याची ताकद वाढली असं वाचलं की दिवस चांगला जायचा. लोकांचं सगळं उघडं पडेल हे मला कळत होतं. त्या दुबळगुंडीच्या बाईचं, कापडवाल्यांचं, सगळ्यांचं. पडू दे म्हणायचो.

मास्तर निवृत्त होऊन संतपूरला गेला. दोन वर्षं मी भेटलो नाही. गेल्या महिन्यात दुपारचा गेलो, डिस्क पिशवीत घालून. तो अंगणात तूर पसरत होता. वाळला होता, पण मला पाहून मनापासून खूश झाला, आणि मला त्याचंही वाईट वाटलं. चहा झाला. मी पिशवीतून डिस्क काढून बाजेवर ठेवली.

तो म्हणाला, "एक रेघ कमी भरलती. तवाच."

"मग अप्पांना सांगितलं का नाही?"

"तुमी आनून द्याल म्हनून वाट बगितलो. लोकांचं हाय साहेब तिच्यात."

"देतो," मी म्हणालो. "आत्ता देतो. नाव सांगा."

"न्हाई."

"मास्तर, मी पाया पडतो. आई गेली, तुम्ही म्हातारे झालात, मी झालो. आता कुणाचं काय बिघडणार आहे?"

"तुमी हाव अजून," तो म्हणाला. मी डिस्क उचलून पिशवीत टाकली आणि उठलो. तेव्हा तो म्हणाला, "बसा. नाव झाकाय सांगितलत्या. कारन झाकाय सांगितलं न्हाई. ते सांगू?"

मी बसलो.

"मी इचारलो त्यांना. अक्का, एकुलता एक लेक, शिकलेला, कमावता. त्याच्यापासनं कामून? तर म्हनल्या, माजा लेक वाईट न्हाई. पन त्याला दुसऱ्याचं चांगलं बघवत न्हाई. त्याला नाव कळलं तर तो त्या बाईला सुखानं खाऊ द्यायचा न्हाई." एवढं सांगून तो खाली बघत तूर सारखी करू लागला. "म्हनताना रडल्या बगा. मी पानी दिलो."

डिस्क मी तिथेच ठेवली. तो ती आत घेऊन गेला, मी गाडीत बसलो.

बिदरपर्यंत मी त्या बाईचा विचार करीन असं मला वाटलं होतं. ती मावशी की शेजारीण, हे एकदाही मनात आलं नाही. आईने मला उभ्या जन्मात कधी एका शब्दाने दुखवलं नव्हतं. मी कधी रुसून आईशी बोलणं टाकलं तरी ती माझ्या आवडीचं करून डबा पाठवायची. माझ्याबद्दल इतकं खरं ती एकदाच बोलली, रडून बोलली, आणि ते त्याच्यापाशी. मला का नाही म्हणाली? माझ्यावर चिडायलासुद्धा माझ्या आईला तोच सापडला.